साध्या बैठ्या घराचा दर्शनी भाग: एका सुधारणेचं प्रकरण

पार्श्वभूमी

शहराच्या कडेला वसलेल्या वसाहतीतलं हे बैठं घर. सपाट छत, विटांच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा. रस्त्याकडची रुंदी ११ मीटर, कठड्यासह उंची ४.३ मीटर, पुढे साडेपाच मीटर खोल अंगण आणि घराचं तोंड पश्चिमेला. घर भक्कम होतं. छत गळत नव्हतं, खोल्या हवेशीर होत्या आणि दारं-खिडक्या नीट लागत होत्या. पण रस्त्यावरून पाहिलं की दिसायची ती एक पिवळट भिंत, तिच्यात कमी-जास्त मापाच्या दोन खिडक्या आणि उजवीकडे आत दबलेलं तपकिरी दार.

घरात राहणाऱ्या पती-पत्नींनी दर्शनी भागासाठी एक ठरावीक रक्कम बाजूला काढली होती. पत्नीला समोरच्या सगळ्या भिंतीला दगडी लाद्या लावायच्या होत्या. पतीच्या मते नवा रंग आणि चार कुंड्या पुरेशा होत्या. दोन्ही बेत करता आले असते, पण सुरुवात त्यांपैकी एकानेही केली नाही हे बरं झालं. भिंतीला नेमकं काय झालंय, हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिलं काम साधंच होतं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून, सकाळी आणि संध्याकाळी, घराचे सरळ समोरून फोटो काढले आणि ते कृष्णधवल छापले. रंग वगळला की उरतो तो गडद-फिक्याचा खेळ, आणि नजर आधी त्यामागेच जाते. छापील फोटोत सर्वांत ठळक दिसत होतं ते एसीचं बाहेरचं यंत्र. त्याच्या खालोखाल खिडक्यांच्या पांढऱ्या जाळ्या, मग बंद पडलेली डिश अँटेना आणि भिंतीवरून तिरक्या गेलेल्या केबल. दार शोधावं लागत होतं. वरच्या सज्जाची सावली गडद, दारही गडद, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेली.

फोटोवर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक दिला आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा लिहिला: काढायची, लपवायची, उठून दिसायला हवी. तिसऱ्या गटात दोनच गोष्टी आल्या, दार आणि घराचा क्रमांक. आणि फोटोत नेमक्या याच दोन दिसत नव्हत्या.

दुसरी अडचण वाटेची. फाटकापासून दारापर्यंत वेगळी पायवाट नव्हती. गाडीसाठी काँक्रीट ओतलेलं होतं आणि गाडी उभी असली की माणसाला तिच्या कडेने अंग चोरून जावं लागे. नवखा माणूस बाजूच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहत असे.

तिसरी अडचण पाण्याची, आणि खरी मेख तिथेच होती. दोन्ही खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून काळपट ओघळ उतरले होते. जोत्याजवळ जमिनीपासून ४० सेंटिमीटरपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांखाली पांढरे क्षार फुटले होते. रंगाऱ्याने सुचवलं की घासून, जलरोधक लेप मारून वर रंग देऊ. ते करण्याआधी ओल आतून येते की बाहेरून, हे तपासणं भाग होतं. पोपडे खरवडून त्या जागी ४५ सेंटिमीटर चौरसाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावला आणि चोवीस तासांनी पाहिला. थेंब तुकड्याच्या भिंतीकडच्या बाजूला जमले होते, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. थेंब बाहेरच्या बाजूला असते, तर ते हवेतल्या दमटपणाचं लक्षण ठरलं असतं.

कारण शोधायला खुरपं पुरलं. भिंतीलगतच्या वाफ्यात वर्षानुवर्षं माती आणि खत पडत गेलं होतं आणि मातीची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थराच्या दहा सेंटिमीटर वर गेली होती. झाडांना घातलेलं पाणी त्या थराला वळसा घालून थेट विटांत शिरत होतं. अशा भिंतीवर जलरोधक लेप दिला तर पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. दगडी लाद्या लावल्या असत्या, तर हेच लाद्यांमागे झालं असतं आणि लाद्या सुटायला लागेपर्यंत कळलंही नसतं.

कोणते पर्याय तोलले

दगडी लाद्यांचा विचार मन लावून झाला, कारण घरातल्या एका व्यक्तीची ती मनापासूनची इच्छा होती. २० मिलिमीटर जाडीच्या नैसर्गिक दगडाचं वजन चौरस मीटरला ५० ते ५५ किलो भरतं, चिकटवायचा मसाला वेगळा. जुन्या रंगावर लावलेला मसाला भिंतीला धरत नाही, तो धरतो रंगाला, आणि रंगाचा थर सुटला की लाद्याही सुटतात. म्हणजे समोरचा सगळा रंग आधी खरवडून, गिलाव्याला टाचे मारून तो खडबडीत करायला हवा. दुसरा मुद्दा दिसण्याचा. लाद्या घराच्या कोपऱ्यावर थांबल्या की त्यांची जाडी उघडी पडते आणि दगड वरून चिकटवलाय हे लांबूनच कळतं. कोपरा वळवून बाजूच्या भिंतीवरही काही अंतर न्यायचं, तर खर्च वाढतो. भिंत ओली असताना हा पर्याय सोडणंच शहाणपणाचं होतं.

दारापुढे खांबांवर पोर्च बांधावा, असंही सुचवलं गेलं. त्याला पाया लागतो, बांधकामाची परवानगी लागते आणि पुढच्या मोकळ्या जागेच्या नियमात ते बसतं का, हे पाहावं लागतं. नुसतं दार उठून दिसावं म्हणून एवढा घाट घालायचं कारण नव्हतं.

नुसता रंग हा सर्वांत स्वस्त पर्याय. पण ओघळांचं कारण तसंच ठेवून दिलेला रंग पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा तसाच दिसला असता.

खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना शोभेच्या लाकडी झडपा लावण्याची कल्पनाही आली. झडप खरी वाटायची तर एकेक पल्ला खिडकीच्या निम्म्या रुंदीचा हवा. मोठी खिडकी १.८ मीटरची, म्हणजे दोन्हीकडे ९० सेंटिमीटरचे पल्ले. तेवढी भिंत डावीकडे नव्हतीच. अरुंद पल्ले लावले तर सोंग वाटतं. ही कल्पना लगेच बाद झाली.

शेवटी ठरलं ते असं: आधी पाणी थांबवायचं, मग पसारा उतरवायचा, मग वाट आणि फाटक, मग रंग, आणि झाडं सर्वांत शेवटी. रकमेचा जवळजवळ अर्धा भाग फोटोत न दिसणाऱ्या कामांसाठी राखला. हे दोघांना पटवायला वेळ लागला. खिडक्यांखालचे ओघळ आणि सुटलेले पोपडे जवळ नेऊन दाखवल्यावरच ते पटलं.

काय केलं: पाणी आणि भेगा

भिंतीलगतची माती ओलरोधक थराच्या १५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत काढली. भिंतीपासून ३० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा झाडांविना ठेवून त्यात खडी भरली. अंगणाचा उतार घरापासून लांब जाईल असा करून घेतला. जोत्याचा गिलावा ठोकून पाहिला. जिथे बद्द आवाज आला तिथला ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत काढून टाकला आणि त्या जागी चुना-वाळूचा गिलावा दोन थरांत दिला, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडते. बाहेर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडले. ते पाण्याने धुतले तर विरघळून परत भिंतीत शिरतात.

वीटकाम सुकायला महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडी, असा ठोकताळा धरतात. २३ सेंटिमीटरची भिंत त्या हिशेबाने नऊ महिने घेते. म्हणून जोत्याला रंग न देता चुन्याचे पातळ हात द्यायचे ठरले. थोडा राखाडी खनिज रंग मिसळला की चुना अर्धवट काम टाकल्यासारखा दिसत नाही.

खिडक्यांखालच्या ओघळांचं कारण उंबऱ्यात होतं. खिडकीचा खालचा उंबरा भिंतीशी समपातळीत संपत होता, त्यामुळे धूळ मिसळलेलं पाणी थेट भिंतीवरून उतरायचं. तिथे बाहेरच्या बाजूला उतार दिलेली दगडी पट्टी बसवली, भिंतीच्या ४५ मिलिमीटर पुढे येणारी. तिच्या खालच्या बाजूला, कडेपासून २५ मिलिमीटर आत, १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच पाडली. पाणी त्या खाचेशी येऊन तुटतं आणि खाली पडतं. सज्जाला खाच नव्हती आणि नवी पाडायला सळ्यांवरचं काँक्रीटचं आवरण पुरेसं नव्हतं, म्हणून खालच्या कडेला अॅल्युमिनियमची एल आकाराची पट्टी सीलंटवर बसवली.

भेगा दोन प्रकारच्या होत्या आणि दोन्हींना एकच औषध चाललं नसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या बारीक भेगांच्या टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली. सहा आठवड्यांत त्या पुढे सरकल्या नाहीत, तेव्हा त्या व्ही आकारात सहा-सात मिलिमीटर उघडून, धूळ काढून, अॅक्रिलिक भरणीने दोन थरांत भरल्या. छताचा स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यातली आडवी भेग मात्र रोज हलते. ऊन लागलं की स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो. ती आधी दोनदा सिमेंटने बुजवलेली होती आणि दोन्ही वेळा उघडली होती. तिथे सरळ खाच कापून आत फोमची दोरी घातली आणि वर रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट भरलं. सिलिकॉन सीलंट इथे चालत नाही, त्यावर रंग बसत नाही.

काय केलं: पसारा

बंद अँटेना आणि वापरात नसलेल्या केबल काढल्या. चालू केबल एका उभ्या नळीत घेऊन पावसाच्या पाण्याच्या पाइपामागून नेल्या. एसीचं यंत्र समोरून काढून बाजूच्या भिंतीवर खालच्या उंचीला नेलं. त्याभोवती जाळीदार पेटी करायचा विचार होता, पण पुढून हवा मोकळी न सुटल्यास गरम हवा तिथेच फिरते आणि थंडावा कमी होतो. जागा बदलता येत असेल, तर पेटीच्या फंदात पडू नये.

खिडक्यांच्या जाळ्या गडद राखाडी केल्या. काचेमागे दिवसा अंधारच दिसतो. पांढरी जाळी त्यावर उठते, गडद जाळी त्यात विरते. जाळ्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढला, झिंक फॉस्फेट प्रायमरचा एक हात दिला आणि वर इनॅमलचे दोन. फाटकाची नवी चौकट जस्त चढवलेल्या लोखंडाची होती. जस्तावर थेट इनॅमल दिलं तर काही महिन्यांत साल निघाल्यासारखं सुटतं, म्हणून तिला आधी जस्तासाठीचा खास प्रायमर दिला.

काय केलं: वाट

गाडीच्या काँक्रीटशेजारून १.२ मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब पायवाट घेतली. या रुंदीत दोन माणसं शेजारी चालू शकतात. वाट नागमोडी करावी असा आग्रह होता. पाच मीटरच्या अंतरात वळण घेतलं, तर लोक ते तोडून सरळच चालतात आणि कडेची झाडं तुडवली जातात. सरळ वाटच ठेवली.

खोदाई १९ सेंटिमीटर: दाबलेली खडी १० सेंटिमीटर, वाळू ३, वर ६ सेंटिमीटर जाडीचे ब्लॉक. खडीचा थर वाटेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त घेतला, नाहीतर कडेचे ब्लॉक खचतात. त्या मापाने दाबलेली खडी ०.८ घनमीटर लागते; दाबल्यावर ती बसते म्हणून सैल खडी एक घनमीटर मागवली. वाळू ०.२ घनमीटर. ब्लॉक ६.६ चौरस मीटरसाठी, कापाकापी धरून ७.२. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी. आडवा उतार २ टक्के, म्हणजे १.२ मीटरला २४ मिलिमीटर.

इथे एक घोळ झाला. गवंड्याने शेवटचा दीड मीटरचा भाग पाणसळ लावून अगदी समतल केला, कारण पायरीशी तो तसा छान जुळत होता. सांध्यांत वाळू भरण्याआधी नळीने पाणी सोडून पाहिलं, तर पायरीपाशी डबकं झालं. तेवढे ब्लॉक उचलून वाळू पुन्हा ओढावी लागली. सांधे भरल्यावर हे लक्षात आलं असतं, तर काम दुप्पट झालं असतं. पाणी सोडून पाहण्याची वेळ ब्लॉक मांडल्यावर आणि सांधे भरण्याआधी, हीच.

ब्लॉकखालून ५० मिलिमीटरच्या दोन रिकाम्या नळ्या आडव्या टाकल्या, एक विजेच्या तारेसाठी, एक पाण्यासाठी.

काय केलं: रंग

रंगपट्टीवरच्या बोटभर चौकोनावरून ठरवलेला रंग मोठ्या भिंतीवर, उघड्या उजेडात, अधिक फिका आणि अधिक भडक दिसतो. म्हणून ६० सेंटिमीटर चौरसाच्या फळ्यांवर दोन-दोन हात देऊन त्या भिंतीला टेकवल्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहिल्या. पहिली पसंती थंड राखाडीला होती. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते आणि सावलीत तिला निळ्या आकाशाचा उजेड मिळतो, त्यामुळे तो राखाडी सकाळभर निळसर दिसला. शुभ्र पांढऱ्यावर उतरत्या उन्हात डोळे दिपत होते. निवडला तो उबदार, फिका, मातकट राखाडी. पाइप, कठडा आणि मीटरची पेटी यांनाही तोच रंग. उठून दिसायला नको त्या गोष्टीला भिंतीचाच रंग द्यावा, हा नियम फार कमी लोक पाळतात. पाइपांना पांढरा पट्टा ओढला की तेच आधी दिसतात. प्लास्टिकच्या पाइपांना २२० नंबरचा पॉलिशपेपर मारून प्लास्टिकसाठीचा प्रायमर दिला.

दाराला गेरूकडे झुकणारा विटकरी रंग दिला. तो लोहाच्या ऑक्साइडमधून मिळतो आणि उन्हात टिकतो. भडक पिवळे आणि गुलाबी रंग बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि पश्चिमेच्या उन्हात लवकर उडतात. काळ्या दाराची टूम होती, पण दुपारभर ऊन खाणारं लाकडी दार गडद रंगात अधिक तापतं आणि वाकतं.

भिंतीचा हिशेब असा: समोरची ४७ चौरस मीटर, त्यातून दार-खिडक्या आणि जोतं वजा जाता ३५, आणि दोन्ही बाजूंना वळवलेली दोन-दोन मीटर भिंत धरून ५०. दोन हातांसाठी लिटरला ५ चौरस मीटर धरून १० लिटर रंग, एका हातासाठी लिटरला १० धरून ५ लिटर प्रायमर. बाजूच्या भिंतींचा जुना रंग जिथे सुरू होतो, तो सांधा पाइपामागे लपवला. सगळे डबे एका बादलीत एकत्र करून घेतले, म्हणजे डब्या-डब्यांतला छटेचा फरक भिंतीवर उमटत नाही. नव्या सिमेंटच्या डागडुजीला २८ दिवस दिले, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. शेवाळ्यावर पातळ केलेलं ब्लीच पंधरा मिनिटं ठेवून धुतलं. ब्लीच कुठल्याही अॅसिडमध्ये मिसळू नये, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

काम रोज सकाळी, भिंत सावलीत असताना. तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आत सुकतो आणि रोलरचे पट्टे दिसतात.

दोन खिडक्यांची मापं वेगळी असल्याने चेहरा लंगडा वाटत होता. प्रत्येक खिडकीला चौकट काढण्याऐवजी दोन्हींच्या खालून एकच १० सेंटिमीटर रुंद, भिंतीच्या १५ मिलिमीटर पुढे येणारा गिलाव्याचा पट्टा सलग नेला. त्याची वरची कड उतरती केली. सपाट ठेवली की धूळ बसते आणि नवे ओघळ तयार होतात. एका आडव्या रेषेवर बसल्यावर खिडक्यांची असमानता फारशी जाणवत नाही.

काय केलं: दिवे, क्रमांक, झाडं

दाराच्या दोन्ही बाजूंना ५० सेंटिमीटर उंचीचे दिवे, मध्य उंबरठ्यापासून १६५ सेंटिमीटरवर, प्रकाश २७०० केल्व्हिन, म्हणजे उबदार पिवळसर, आणि आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा सोसणारे. भिंतीच्या पायथ्याशी वर फेकणारे दोन दिवेही लावले आणि पहिल्याच रात्री गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक थापीची खूण उघडी पडली. भिंतीला घासून जाणारा प्रकाश हे करतोच. ते दिवे भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे घेतले, तेव्हा भिंत शांत दिसली.

क्रमांक फाटकाच्या खांबावर, १२ सेंटिमीटर उंचीचे गडद आकडे फिक्या पार्श्वभूमीवर, खांबापासून एक सेंटिमीटर उचललेले. चकचकीत स्टीलचे आकडे राखाडी खांबावर दिवसा हरवतात, म्हणून ते टाळले.

खिडकीचा उंबरा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. तिच्याखाली पूर्ण वाढल्यावर ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच होणार नाहीत अशीच झुडपं निवडली, १३ रोपं, दोन तिरप्या ओळींत, ६० सेंटिमीटर अंतराने. दार उजवीकडे असल्याने डावीकडे, भिंतीपासून साडेतीन मीटरवर, एक लहान झाड. बाकी फक्त दोन जाती, पुन्हा पुन्हा लावलेल्या. नव्या वाफ्यात रोपं विरळ दिसली म्हणून मालकांना मध्ये आणखी झुडपं लावायची होती. तिथे हंगामी फुलझाडं लावली, जी मोठी झुडपं वाढल्यावर काढता येतात. आच्छादन सहा सेंटिमीटर, खोडापासून बोटभर दूर. पाणी ठिबकने, म्हणजे भिंतीवर फवारा उडत नाही.

निकाल

पावसाळा संपल्यावर खिडक्यांखाली ओघळ नव्हते. सज्जाच्या पट्टीच्या एका सांध्यात सीलंट राहून गेलं होतं, तिथे एक डाग उतरला. तो सांधा भरून डाग पुसला. जोत्यावर सुरुवातीचे काही महिने क्षार येत राहिले आणि ते झाडत राहावं लागलं. नंतर ते कमी झाले. स्लॅबखालची भेग पुन्हा उघडली नाही.

त्याच जागेवरून पुन्हा कृष्णधवल फोटो काढला. आता सर्वांत आधी दिसतं ते दार आणि त्याकडे जाणारी वाट. अनोळखी माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी जात नाही. शेजारच्यांनी नवं बांधकाम केलंत का, असं विचारलं. प्रत्यक्षात नवं म्हणावं असं बांधकाम एका पायवाटेपलीकडे काहीच नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महाग पडला तो क्रम. फाटकाचं वेल्डिंग आणि ग्राइंडिंग सर्वांत आधी व्हायला हवं होतं, पण लोहाराला उशीर झाला आणि ते रंगानंतर, जागेवरच झालं. ग्राइंडरच्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण ताज्या रंगात रुतले आणि पंधरा दिवसांत भिंतीवर तपकिरी ठिपके उमटले. ते पुसून जात नाहीत. तेवढा भाग घासून, प्रायमर देऊन पुन्हा रंगवावा लागला. लोहार वेळेवर येत नसेल, तर रंग थांबवावा, किंवा फाटक त्याच्या कारखान्यातच पूर्ण करून आणावं.

फाटकाच्या खांबावर क्रमांकासाठी दिवा हवा, हे उशिरा सुचलं. वाटेखाली नळ्या होत्या, पण खांबापर्यंत पोचणारी नव्हती. तिथवर काँक्रीटची कडपट्टी फोडावी लागली. खोदाई चालू असताना नळी जिथे लागेलसं वाटतं तिथे सगळीकडे टाकून ठेवावी. रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

पायथ्याचे दिवे कायमचे बसवण्याआधी एका रात्री हातात बॅटरी धरून भिंतीवर वेगवेगळ्या अंतरांवरून प्रकाश टाकून पाहिला असता, तर खड्डे दोनदा खणावे लागले नसते.

दगडाची इच्छा अजून बाकी आहे आणि ती पुरवायला योग्य जागा घराची भिंत नाही, फाटकाचे दोन खांब आहेत. ते सुटे आहेत, ओल घरात नेत नाहीत आणि चारही बाजूंनी दगड लावता येतो, म्हणजे कापलेली कड कुठेच उघडी राहत नाही. खांबांवरचा रंग पूर्ण खरवडून, कोपऱ्यांना एल आकाराचे तुकडे वापरून आणि माथ्यावर चारी बाजूंना चार सेंटिमीटर पुढे येणारं, खालून खाच असलेलं टोपण ठेवून ते काम करायचं ठरलंय. त्याआधी क्रमांक आणि त्याच्या दिव्याची तार तात्पुरती काढून घ्यावी लागेल, आणि दगडाच्या जाडीएवढा फाटकाचा बिजागऱ्यांकडचा फट-हिशेब पुन्हा मांडावा लागेल. नाहीतर फाटक पूर्ण उघडणार नाही.